दगड, माती आणि प्रकाश: इमेजिंग स्पेक्ट्रोस्कोपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमेजिंग स्पेक्ट्रोस्कोपी या तंत्राने टिपलेल्या चंद्रावरच्या पाण्याबद्दल कुठेही बोललं की नंतर आठवडाभर प्रश्न येत राहतात. विद्यार्थी विचारतात, भूगोलाचे शिक्षक विचारतात, कधी एखादे शेतकरीही विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तो क्रमांक दिला आहे.

१. इमेजिंग स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे नेमकं काय? साध्या फोटोत आणि यात फरक काय?

मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक ठिपक्यासाठी तीनच आकडे नोंदवतो: लाल, हिरवा आणि निळा. इमेजिंग स्पेक्ट्रोमीटर त्याच ठिपक्यावरून आलेल्या प्रकाशाचे शेकडो बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात प्रकाश किती आहे ते वेगळं मोजतो. यातले बरेचसे तुकडे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागातले असतात.

कागदांचा एक गठ्ठा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक कागदावर त्याच जागेचं चित्र आहे, पण दर कागदाची तरंगलांबी वेगळी. गठ्ठ्यात वरून खालपर्यंत सुई टोचली तर सुईने भोकं पाडलेले सगळे ठिपके मिळून त्या एका जागेचा वर्णपट होतो. वर्णपट म्हणजे ती जागा कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत पाठवते याचा आलेख. नकाशा आणि वर्णपट एकत्र हाती येणं हेच या तंत्राचं वैशिष्ट्य.

बहुतेक उपकरणं एका वेळी जमिनीची एकच अरुंद रेघ पाहतात. विमान किंवा यान पुढे सरकतं तशा रेघा एकमेकींना जोडल्या जातात आणि चित्र तयार होतं.

२. मल्टिस्पेक्ट्रल, हायपरस्पेक्ट्रल, इमेजिंग स्पेक्ट्रोस्कोपी, हे सगळं एकच का?

शेवटची दोन नावं जवळपास एकाच गोष्टीची आहेत. मल्टिस्पेक्ट्रल उपकरणात मोजके आणि रुंद पट्टे (म्हणजे वर सांगितलेले प्रकाशाचे तुकडे) असतात, पट्ट्यांच्या मधे रिकाम्या जागा असतात. हायपरस्पेक्ट्रल उपकरणात पट्टे अरुंद असतात आणि एकमेकांना लागून असतात. नुसता पट्ट्यांचा आकडा ऐकून निर्णय करू नये. खनिजाची खूण किती रुंद आहे आणि उपकरणाचा पट्टा तिच्यापेक्षा अरुंद आहे का, हे पाहावं.

या क्षेत्राची ओळख करून देणारा अलेक्झांडर गेट्झ आणि सहकाऱ्यांचा लेख १९८५ मध्ये आला. १९८७ मध्ये नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचं ॲविरिस हे उपकरण विमानातून उडू लागलं. ०.४ ते २.५ मायक्रॉन तरंगलांबीपर्यंत त्याचे २२४ पट्टे होते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आजची बहुतेक उपकरणं त्याच वळणावर बांधलेली आहेत.

३. पण नुसत्या प्रकाशावरून खनिज कसं ओळखतात?

घरातलीच दोन उदाहरणं घेऊ. गेरू आणि पिवडी. दोन्ही लोहाचीच संयुगं. गेरूत मुख्यतः हेमॅटाइट असतं आणि पिवडीत गोथाइट, म्हणजे ज्याच्या रचनेत हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी) आहे असं लोहखनिज. डोळ्यांना एक लाल दिसतो, एक पिवळा. वर्णपटात आणखी एक फरक दिसतो. दोन्ही खनिजं ०.९ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतात, पण हेमॅटाइटची आलेखातली खळगी ०.८६ च्या जवळ असते आणि गोथाइटची ०.९२ च्या जवळ. या खळगीला शोषणपट्टा म्हणतात.

शोषणपट्टे प्रामुख्याने दोन कारणांनी उमटतात. एक कारण लोहासारख्या धातूंमधले इलेक्ट्रॉन. ते ठराविक ऊर्जेचा प्रकाश घेऊन वरच्या पातळीवर जातात. बेसॉल्टमधल्या पायरॉक्सीनचे १ आणि २ मायक्रॉनजवळचे दोन पट्टे असेच उमटतात. ऑलिव्हीनमध्ये १ मायक्रॉनजवळ एकच रुंद पट्टा असतो, २ जवळ काही नसतं. म्हणून ही दोन खनिजं वेगळी काढता येतात.

दुसरं कारण रेणूंमधल्या बंधांची कंपनं. केओलिनाइट ही चिनी मातीतली मुख्य चिकणमाती. तिच्यातल्या ॲल्युमिनियमला जोडलेल्या हायड्रॉक्सिलमुळे २.१६ आणि २.२१ मायक्रॉनला जोडखळगी दिसते. चुनखडीतलं कॅल्साइट २.३४ च्या आसपास शोषतं, डोलोमाइट २.३२ च्या आसपास. फरक अवघा ०.०२ मायक्रॉनचा आहे. उपकरणाचे पट्टे अरुंद का हवेत ते इथे कळतं.

४. म्हणजे कोणतंही खनिज सापडू शकतं?

नाही. आणि अपेक्षाभंग सर्वांत जास्त इथेच होतो. वाळूतला क्वार्ट्झ पृथ्वीवर सगळीकडे आहे, पण ०.४ ते २.५ मायक्रॉनमध्ये त्याची स्वतःची खूण नाही. तो पाहायचा तर ८ ते ९ मायक्रॉनच्या आसपासचं औष्णिक अवरक्त लागतं. शुद्ध मीठही असंच मुकं असतं. मॅग्नेटाइट सगळ्याच तरंगलांबी गिळतं आणि सोबतच्या खनिजांच्या खुणाही झाकोळून टाकतं.

त्यामुळे नकाशात एखादं खनिज नसलं तर आधी विचारायचं, ते या उपकरणाला दिसू तरी शकत होतं का?

५. जमिनीखाली किती खोलवरचं दिसतं? भूजल किंवा धातूचे साठे सापडतील का?

दृश्य आणि जवळच्या अवरक्त प्रकाशाला फक्त वरचा पापुद्रा दिसतो. खनिजानुसार आणि कणांच्या आकारानुसार ती जाडी काही मायक्रॉनपासून फार तर मिलिमीटरभर असते. विहीर कुठे खणावी हे यातून कळणार नाही. हा प्रश्न फार आस्थेने विचारला जातो, म्हणून उत्तर स्पष्ट देतो.

धातूंच्या बाबतीत अप्रत्यक्ष मदत होते. खोलातून वर आलेल्या गरम पाण्याने खडक बदलतो आणि पृष्ठभागावर ॲल्युनाइट, केओलिनाइट अशी खनिजं उमटतात. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातला क्युप्राइट परिसर याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. नवं उपकरण आलं की त्याची परीक्षा अनेकदा तिथेच होते. आपल्याकडे सह्याद्रीवर पावसाळ्यात गवत उगवलं की खडक दिसायचाच थांबतो, कोकणातल्या जांभ्यावरही तेच.

६. चांद्रयान-१ ने चंद्रावर पाणी शोधलं म्हणजे नक्की काय पाहिलं?

चांद्रयान-१ चं उड्डाण २२ ऑक्टोबर २००८ ला झालं. त्यावर नासाचं मून मिनरॉलॉजी मॅपर हे उपकरण होतं. संशोधक त्याला एम-थ्री म्हणतात. प्रमुख संशोधक होत्या ब्राउन विद्यापीठाच्या कार्ले पीटर्स. साधारण ३ मायक्रॉनपर्यंत त्याची दृष्टी पोचत होती. सर्वेक्षणाच्या पद्धतीत ते ८५ पट्टे नोंदवायचं आणि १०० किलोमीटर उंचीवरून त्याचा एक पिक्सेल चंद्रावरच्या १४० मीटर जागेएवढा होता.

मुख्य काम होतं चंद्राचा खनिज नकाशा करणं. पण वर्णपटांच्या टोकाशी, २.८ ते ३ मायक्रॉनच्या दरम्यान, आलेख खाली वळताना दिसला. हायड्रॉक्सिल किंवा पाणी असेल तरच तिथे असा उतार येतो. ध्रुवांकडे जावं तसा तो ठळक होत होता.

कोरड्या चंद्राची कल्पना इतकी पक्की होती की अपोलोच्या नमुन्यांत सापडलेला ओलाव्याचा अंश पृथ्वीवरून लागलेला मानला गेला होता. त्यामुळे दुसरा साक्षीदार हवा होता. शनीकडे निघालेलं कॅसिनी यान ऑगस्ट १९९९ मध्ये चंद्राजवळून गेलं होतं. त्याच्या स्पेक्ट्रोमीटरच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. धूमकेतूच्या मोहिमेवरचं डीप इम्पॅक्ट यान जून २००९ मध्ये चंद्राकडे पाहत होतं, त्याच्याकडूनही निरीक्षणं मिळाली. तिन्ही उपकरणांना तीच खूण दिसली आणि सप्टेंबर २००९ मध्ये तिन्ही निष्कर्ष एकत्र जाहीर झाले. त्याआधी २९ ऑगस्टच्या पहाटे चांद्रयान-१ शी संपर्क तुटला होता. यान गप्प झाल्यावर त्याचा सर्वांत मोठा शोध जगापुढे आला, हे आजही मला हलवून जातं.

चंद्रावर तळी आहेत असा याचा अर्थ नाही. मातीच्या कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेला हा अत्यल्प अंश आहे. सूर्याकडून येणारे हायड्रोजनचे केंद्रक खनिजांमधल्या ऑक्सिजनला मिळून तो तयार होत असावा, हे त्याचं एक स्पष्टीकरण आहे.

७. ते पाणी होतं की हायड्रॉक्सिल? दोन ठिकाणी दोन गोष्टी वाचल्या.

दोन्ही ठिकाणचं बरोबर असू शकतं. ३ मायक्रॉनजवळ पाण्याचा रेणू आणि खनिजाला जोडलेला हायड्रॉक्सिल यांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. एम-थ्रीची दृष्टी नेमकी तिथेच संपत होती, त्यामुळे त्याला हा भेद करता येत नव्हता.

दुसरी अडचण उष्णतेची. दुपारी चंद्राचा पृष्ठभाग इतका तापतो की २ मायक्रॉनच्या पुढे तो स्वतःच अवरक्त प्रकाश सोडू लागतो. सूर्याचा परावर्तित प्रकाश आणि ही उष्णता वेगळी करावी लागते. ती कमी वजा झाली तर खळगी भरून निघते आणि पाणी नाहीसं झाल्यासारखं दिसतं. दिवसाच्या वेळेनुसार चंद्रावरचा हा अंश खरोखर कमीजास्त होतो का, या वादाच्या मुळाशी हीच वजाबाकी आहे.

पुढे दोन गोष्टी घडल्या. चांद्रयान-२ वर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेलं आयआयआरएस हे उपकरण गेलं. ते ०.८ ते ५ मायक्रॉन पाहतं, म्हणजे पूर्ण खळगी आणि उष्णता दोन्ही त्याच्या कक्षेत येतात. आणि २०२० मध्ये सोफिया या विमानातल्या दुर्बिणीने क्लेव्हियस विवराच्या परिसरात ६ मायक्रॉनची खूण पकडली. ही खूण पाण्याच्या रेणूचीच असते, हायड्रॉक्सिलची नसते. तिथलं प्रमाण दहा लाखांत सुमारे १०० ते ४०० भाग असं काढलं गेलं.

८. ध्रुवांवरच्या कायम सावलीत ऊन पोचतच नाही. मग तिथला बर्फ प्रकाशावरून कसा ओळखला?

सावली म्हणजे संपूर्ण काळोख नव्हे. विवराच्या कडांवर पडलेलं ऊन विखरून आत झिरपतं. तो प्रकाश फार क्षीण असतो, पण एम-थ्रीच्या नोंदींत तो आला होता. २०१८ मध्ये शुआय ली आणि सहकाऱ्यांनी त्यात बर्फाच्या १.३, १.५ आणि २ मायक्रॉनजवळच्या तिन्ही खुणा एकत्र शोधल्या. तीनपैकी एकच दिसली तर ती जागा गाळली. बर्फ टिकेल इतक्या थंड जागांपैकी सुमारे ३.५ टक्के जागांतच तो पृष्ठभागावर उघडा दिसला. त्याखाली काय आहे ते या पद्धतीला कळत नाही (प्रश्न ५).

९. पृथ्वीला आणि मंगळाला वातावरण आहे. ते मधे येत नाही?

येतं, आणि ते वजा करणं हे कामातलं कष्टाचं पाऊल आहे. पृथ्वीवर १.४ आणि १.९ मायक्रॉनजवळ हवेतली वाफ जवळपास सगळा प्रकाश खाऊन टाकते. तिथे आलेखात भोक ठेवूनच पुढे जावं लागतं. कच्चा डेटा उघडून तिथला गोंधळ खनिजाची खूण समजणं ही नवशिक्यांची हमखास चूक.

मंगळाची हवा विरळ आहे, पण तिच्यातला कार्बन डायऑक्साइड २ मायक्रॉनजवळ ठसा उमटवतो. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्या क्रिझम उपकरणासाठी यावर सुंदर तोड काढली गेली. ऑलिम्पस मॉन्स या प्रचंड ज्वालामुखीचा माथा आणि पायथा दोन्ही मोजायचे. खडक साधारण सारखा, मधे फक्त हवेचा थर कमीजास्त. दोन्ही वर्णपटांचा भागाकार केला की हवेचा ठसा हाती येतो.

शनीचा चंद्र टायटन याहून अवघड. त्याच्या दाट हवेतला मिथेन मोजक्या अरुंद खिडक्याच उघड्या ठेवतो. कॅसिनीने त्या खिडक्यांमधूनच जमीन पाहिली.

१०. शोषणपट्टा दिसला म्हणजे खनिज आहे, हे नक्की ना?

नाही. ही एक गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. २०१५ मध्ये मंगळावरच्या उतारांवर ऋतूनुसार उमटणाऱ्या गडद रेघांमध्ये परक्लोरेट क्षार असल्याचं क्रिझमच्या वर्णपटांवरून जाहीर झालं. तिथे आज खारं पाणी वाहत असावं अशी बातमी जगभर गेली. २०१८ मध्ये एलेन लीस्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आकडे स्वच्छ करण्याच्या प्रक्रियेतूनच २.१ मायक्रॉनजवळ खोटी खळगी तयार होऊ शकते, विशेषतः उजळ आणि गडद भागांच्या सीमेवर. अशी ठिकाणं अगदी थोडी असतात, पण संशोधक दुर्मीळ वर्णपटच शोधत होते, म्हणून नेमकी तीच हाती लागली.

मंगळावर परक्लोरेट आहेच. फीनिक्स यानाने २००८ मध्ये मातीत ते रासायनिक चाचणीने शोधलं होतं. प्रश्न त्या रेघांमधल्या पुराव्याचा होता.

म्हणून माझी पद्धत अशी: एका खनिजाच्या एकापेक्षा जास्त खुणा पाहाव्यात, शेजारच्या पिक्सेलमध्येही ती दिसते का ते तपासावं आणि प्रक्रिया करण्याआधीच्या आकड्यांत ती आहे का ते उघडून पाहावं.

११. एका पिक्सेलमध्ये चार प्रकारची माती असेल तर?

बहुतेक वेळा असतेच. मिश्रणाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचं गणित वेगळं आहे. अर्ध्या पिक्सेलमध्ये शेत आणि अर्ध्यात मुरूम असेल तर वर्णपटांची सरळ सरासरी होते. पण दोन खनिजांचे कण पिठासारखे एकमेकांत कालवले असतील तर प्रकाश एका कणातून दुसऱ्यात जातो आणि सरासरी चुकते. चिमूटभर कोळशाची पूड चुन्यात मिसळून पाहा. वजनाने ती नगण्य असते, पण उजळपणा कितीतरी उतरतो. प्रमाण काढताना मी टक्केवारीवर पटकन विश्वास ठेवत नाही.

१२. पर्यावरणाच्या कामात याचा खरोखर उपयोग झाला आहे का?

झाला आहे. कोलोराडोतल्या लेडव्हिल या जुन्या खाणगावात उपसलेल्या खडकाचे ढीग विखुरले होते. त्यातल्या पायराइट या गंधकयुक्त लोहखनिजावर पाणी पडलं की आम्ल तयार होतं आणि ते धातू विरघळवून ओढ्यात नेतं. कोणता ढीग धोकादायक? १९९५ मध्ये ॲविरिस तिथे उडवलं गेलं. जॅरोसाइट हे खनिज आम्ल तीव्र असलं तरच तयार होतं, गोथाइटला तितकं आम्ल लागत नाही. जॅरोसाइटच्या नकाशाने आम्ल झिरपणाऱ्या जागा दाखवल्या आणि साफसफाई कुठून सुरू करायची ते ठरवायला मदत झाली.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. ११ सप्टेंबर २००१ नंतर १६ ते २३ सप्टेंबरच्या दरम्यान चार दिवस ॲविरिसने मॅनहॅटनवरून उड्डाणं केली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पथकाने धुळीत ॲस्बेस्टॉसच्या वर्गातल्या खनिजांची खूण शोधली आणि जमिनीवरून धुळीचे नमुनेही गोळा केले. त्याच वर्णपटांत ढिगाऱ्याखालच्या आगी दिसल्या, कारण पुरेसा तापलेला पदार्थ २.५ मायक्रॉनलाही चमकतो. १६ तारखेला डझनांनी असलेल्या या तप्त जागा २३ तारखेला चार-पाचच उरल्या होत्या. चंद्रावर जी उष्णता अडचण होती (प्रश्न ७), तीच इथे माहिती ठरली.

१३. वायू तर दिसत नाही, मग मिथेनची गळती कशी दिसते?

मिथेन २.३ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतो. ऊन वायूच्या लोटातून खाली जाऊन परत येतं तेव्हा त्याची खूण सोबत आणतं. नासाचं एमिट हे उपकरण जुलै २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलं. वाळवंटातल्या धुळीत कोणती खनिजं आहेत ते पाहणं हे त्याचं मूळ काम, कारण लोहयुक्त गडद धूळ उष्णता धरते आणि उजळ धूळ ती परतवते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत त्याने मिथेन सोडणाऱ्या पन्नासहून अधिक मोठ्या जागा दाखवल्या. तेहरानच्या दक्षिणेला कचऱ्याच्या एका मोठ्या डेपोवरून निघालेला लोट जवळपास पाच किलोमीटर लांब होता.

१४. समुद्रातलं तेल आणि प्लास्टिक वेगळं ओळखता येतं?

अवघड आहे. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनचे बंध आहेत, त्यामुळे दोन्ही १.७३ आणि २.३ मायक्रॉनजवळ शोषतात. शिवाय पाणी या भागातला प्रकाश गिळतं, त्यामुळे बुडालेली वस्तू दिसत नाही आणि ओल्या वस्तूची खूण क्षीण होते. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन दुर्घटनेनंतर ॲविरिसने पाण्यावरच्या दाट तेलाच्या साईचा अंदाज दिला, कारण तिथे तेलाची जाडी पुरेशी होती.

१५. लोणारच्या विवराचा या विषयाशी संबंध काय?

फार जवळचा आहे. बेसॉल्टवर आघात होऊन बनलेली विवरं पृथ्वीवर मोजकी आहेत. लोणार त्यांतलं एक, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि एका कालमापनानुसार साधारण ५ लाख ७० हजार वर्षं जुनं. चंद्राच्या काळ्या मैदानांवर आणि मंगळावरही बेसॉल्टच आहे, म्हणून तिथल्या वर्णपटांचा अर्थ लावायला लोणारचे दगड उपयोगी पडतात. आघाताच्या दाबाने बेसॉल्टमधल्या प्लेजिओक्लेज या खनिजाची स्फटिकरचना मोडते आणि ते मास्केलिनाइट नावाची काच होतं. स्फटिकाच्या खुणा अशाने पुसट होतात. म्हणून एखाद्या जागी प्लेजिओक्लेजची खूण दिसली नाही तरी ते तिथे कधीच नव्हतं असं म्हणता येत नाही.

आणखी एक नातं दख्खनच्या खडकातल्या पोकळ्यांचं. महाराष्ट्रातल्या दगडखाणींत मिळणाऱ्या झिओलाइटच्या स्फटिकांनी अनेकांची कपाटं सजलेली असतात. बेसॉल्टमधून गरम पाणी झिरपलं की ते तयार होतात. मंगळावर निली फॉसी परिसरात क्रिझमला झिओलाइटच्या गटातलं ॲनल्साइम सापडलं आणि तिथेही कधीकाळी असं पाणी असल्याचं सुचलं.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं ते मात्र खनिजांमुळे नव्हे. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं.

१६. भारतात असा डेटा गोळा होतो का?

होतो. २०१५-१६ च्या हिवाळ्यात इस्रो आणि नासाने मिळून ॲविरिस-एनजी हे नवं उपकरण इस्रोच्या विमानातून देशातल्या अनेक ठिकाणांवरून उडवलं. त्याचे पट्टे सुमारे ५ नॅनोमीटरचे, म्हणजे ०.००५ मायक्रॉनचे आहेत. २९ नोव्हेंबर २०१८ ला इस्रोचा हायसिस उपग्रह गेला, त्याचा पिक्सेल ३० मीटरचा आहे.

१७. मला स्वतः करून पाहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

महागडं काही लागत नाही. चांद्रयान मोहिमांचा डेटा इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतो. एम-थ्री आणि क्रिझमचा डेटा नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिमवर खुला आहे, एमिटचा अर्थडेटावर. तुलनेसाठी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा वर्णपट संग्रह उतरवून घ्या. नकाशांसाठीचं क्यूजीआयएस आणि त्यात बसणारं, असे वर्णपट हाताळणारं एनमॅप-बॉक्स ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

पहिला सराव क्युप्राइटवर करा. तिथली खनिजं आधीच तपासलेली आहेत, त्यामुळे तुमचं उत्तर चुकलं तर लगेच कळेल. केओलिनाइटची जोडखळगी आधी आलेखात स्वतःच्या डोळ्यांनी शोधा. नकाशा काढून देणारं तयार बटण त्यानंतर दाबा.